नाणेघाटाचा उलटा धबधबा, काजव्यांची झाडं आणि रीलच्या काळातली आपली भटकंती

घाटवाटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाणेघाट इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. सोपारा-कल्याणकडून माल लादून आलेले तांडे हा घाट चढून जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचे. माथ्याच्या जरा खाली सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे. आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले, असा सगळा तपशील त्यात आहे. लेखात आकडे कोरलेत आणि आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये त्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती फुटल्या, पण नावं अजून आहेत. वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तिथे गेलो होतो. गाड्यांची रांग कुठवर गेली होती ते दिसतच नव्हतं. कड्यापाशी उलट्या धबधब्यासाठी गर्दी. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर उसळतो आणि खाली पडणारं पाणी माघारी फिरवतो. दृश्य खरोखर विलक्षण आहे, त्याबद्दल वादच नाही. लोक फोन धरून आपला नंबर यायची वाट बघत होते. पन्नास-शंभर पावलांवर लेणं. तिथे आम्ही आणि आडोशाला टेकलेलं एक कुटुंब, एवढेच. त्यातल्या शाळकरी मुलीने विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी तिला आकडे दाखवले. पाऊस थांबेपर्यंत ती भिंतीवर आणखी आकडे शोधत राहिली. तिच्या वडिलांना तिथे लेणं आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत ते आलंच नव्हतं.

लोकांनी येऊच नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला खटकतं ते वेगळं आहे. फोन सगळ्यांना एकाच जागी, त्याच दोन महिन्यांत, त्याच वारी आणि त्याच कोनात आणून उभं करतो. नोव्हेंबरमधल्या मंगळवारी हाच नाणेघाट मोकळा असतो. शेजारचा जीवधन किल्ला, समोरचा वानरलिंगी सुळका, दोन्ही जागच्या जागी असतात. पण पाणी उलटं उडत नाही, म्हणून कुणी फिरकत नाही.

इंटरनेट वाईट असंही मी म्हणणार नाही, कारण निम्मा सह्याद्री मी इंटरनेटवरूनच शिकलो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लोक मराठीत लांबच लांब वृत्तांत लिहायचे. दुसऱ्या टप्प्यानंतर डावी वाट धरू नका, ती गुरांची आहे. वरच्या तीन टाक्यांपैकी मधल्याचंच पाणी प्या. गावात अमुक देवळाशेजारच्या घरी भाकरी मिळते, आदल्या दिवशी सांगून ठेवा. असं वाचून गेलेला माणूस गावात थांबायचा, विचारायचा, ओळख काढायचा. तीस सेकंदांच्या रीलमध्ये जागेचं नाव आणि नकाशावरचा ठिपका मिळतो, बाकी वाऱ्याचा आवाजसुद्धा गाण्याखाली दबलेला.

तर माझा प्रश्न असा आहे: आजच्या दिवसांत अस्सल भटकंती म्हणावी तरी कशाला? जागा कोरी असायला हवी का? माझ्या मते नाही. तिथे किती वेळ दिला आणि कुणाशी बोललात, यावर ते ठरतं. तुम्हाला काय वाटतं?

रानमेवा

फार आवडला धागा. आकडे शोधणारी मुलगी डोळ्यांसमोर आली. जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघतेय.

कारवी

लेख मनापासून लिहिलाय, तरी एका मुद्द्यावर माझी ठाम असहमती आहे.

'वेळ द्या, गावात थांबा, मंगळवारी जा' हे कुणाला जमतं? ज्याला मंगळवारी सुट्टी मिळते त्याला. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला. आणि स्पष्टच सांगायचं तर बहुतेक वेळा पुरुषांना. वीस वर्षांपूर्वी अनोळखी गावात उतरून देवळात पथारी टाकणं माझ्या भावाला जमत होतं. मला घरून परवानगी मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी रात्रभर झोप लागली नसती.

माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीने फिरली. माहेर, सासर, कुलदैवत, लग्नकार्य. बाबा गेल्यावर ती सहल कंपनीच्या बसमधून बायकांच्या गटाबरोबर पहिल्यांदा बदामी-हंपीला गेली. डोक्यावर कंपनीची टोपी, पुढे झेंडा घेतलेला माणूस, जेवायला रोज वरण-भात. लोक नाकं मुरडतात ती हीच सहल. परत आल्यावर विठ्ठल मंदिराच्या आवारातल्या दगडी रथाबद्दल ती इतकं बारकाईने सांगत होती की मी थक्क झाले. चाकावरची नक्षी तिने वहीत काढून आणली होती. तिचा प्रवास अस्सल नव्हता, असं माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

आणि हो, मी स्वतः आज एकटी फिरते ती इंटरनेटमुळेच. होमस्टेबद्दल आधी राहून गेलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते वाचते, बहिणीला लाइव्ह लोकेशन पाठवते, मग निघते. फोन नसता तर माझा सह्याद्री खिडकीतूनच बघून झाला असता.

अकोलेकर

मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावांतला. अकोले तालुका, पाचनईकडचा. इथे क्वचितच लिहितो, पण आमच्याच दारातला विषय निघालाय तर राहवत नाही.

सगळ्यात आधी हे लिहून ठेवतो की पर्यटक आम्हाला हवा आहे. आमच्याकडे भात एकदाच पिकतो, तोही पावसावर. बाकी हिरडा गोळा करायचा, नाहीतर नारायणगाव, संगमनेरकडे मजुरीला जायचं. गडावर माणसं यायला लागली तशी किती तरी घरातली पोरं गावात थांबली. कुणी वाटाड्या झाला, कुणी जेवण देतो, कुणी लिंबू सरबताची टपरी टाकली. ज्याला हे कळत नाही, त्याने 'डोंगर पूर्वीसारखे राहिले नाहीत' असं आम्हाला ऐकवू नये.

आता काजव्यांचं सांगतो. मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या आसपास, आमच्याकडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे येतात. पाऊस जोरात लागला की संपलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. एका सादड्यावर हजारो काजवे असतात. सुरुवातीला प्रत्येकाचा ताल वेगळा. हळूहळू एक फांदी एकत्र लुकलुकायला लागते, मग दुसरी, आणि थोड्या वेळाने सगळं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. शेजारचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं पेटतं. नर मादीला बोलावतोय, एवढंच ते आहे, आणि पंख फुटल्यावर त्याच्या हातात फार थोडे दिवस असतात.

रस्त्यावरून मोटारीचा दिवा त्या झाडावर पडला की झाड गप्प होतं. पुन्हा ताल धरायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी मोटार येते. शनिवारी रात्री घाटघर, साम्रद, पांजरे या भागात मोटारीमागे मोटार असते. म्हणजे सबंध शनिवारची रात्र झाडं गप्पच राहतात. वनखातं शुल्क घेतं, ठरावीक वेळेनंतर प्रवेश बंद करतं, आमची पोरं नाक्यावर उभी राहून दिवे मंद करा म्हणून हात जोडतात. अभयारण्य आहे हे, १९८६ पासून. हॉर्न वाजवायला, गाणी लावायला ही जागाच नाही.

शहरातून गट घेऊन येणारे काही आयोजक आहेत. बस रात्री उशिरा येते. जेवण बरोबर, तंबू बरोबर, पाण्याच्या बाटल्याही बरोबर. काजवे बघतात, पहाटे निघून जातात. गावाला त्यातून एक रुपया मिळत नाही, बाटल्या मात्र आम्ही गोळा करतो.

अस्सलपणाबद्दलही बोलायचं आहे, आणि हे जरा मनाला लागलेलं आहे. आमच्याकडे काही पाहुणे येतात ते फार चांगले असतात, बोलतात, वेळ देतात, अगदी धागाकर्ते म्हणतात तसे. पण त्यांना चुलीवरची भाकरीच पाहिजे असते. आईकडे गॅस आहे. धुराने तिचे डोळे चुरचुरतात म्हणून तो घेतला. पाहुणे आले की ती बिचारी पुन्हा चूल पेटवते, कारण गॅसवरची भाकरी म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. आम्ही जुनं कुडाचं घर उतरवून स्लॅबचं बांधलं. जुनं घर पावसात ठिबकायचं, दर वर्षी शाकारणी करावी लागायची. एका ताईंनी मला विचारलं, "अरे, तुम्ही ते सुंदर घर का पाडलंत?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यांना हवा असलेला अस्सलपणा जपायचा तर माझ्या आईने ठिबकणाऱ्या घरात, धुरात राहायचं, असा त्याचा अर्थ होतो.

कृपया कुणी राग मानू नये.

घाटवाटा

अकोलेकर, राग कसला! अशाच प्रतिसादासाठी धागा काढला होता. चुलीबद्दल लिहिलंत ते आम्हा सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. यापुढे कुणाच्या घरी गेलो तर जे रोज शिजतं आणि जसं शिजतं तेच मागेन.

कारवी, तुमच्या आईंच्या वहीबद्दल वाचून आनंद झाला. चाकावरची नक्षी वहीत उतरवायला जितका वेळ लागतो, तोच वेळ मला म्हणायचा होता. तो बसच्या सहलीतही देता येतो, हे तुम्ही दाखवून दिलंत.

अकोलेकरांना एक विचारायचं होतं. आयोजकांबरोबर आलेल्या गटाने काय केलं तर गावाला बरं पडेल?

जुना भिडू

माझं मत थोडं कडवट वाटेल. जागांची नावं लिहूच नका. आम्ही १९८०-९० च्या दशकात फिरायचो तेव्हा आडवाटांची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जायची. आधी माणूस पारखायचा, मगच वाट सांगायची. आज देवकुंड बघा. भिऱ्याच्या वरचं ते कुंड, कुंडलिकेच्या उगमाकडचं. आता दर पावसाळ्यात तिथे बंदीहुकूम काढावा लागतो, कारण पाण्याचा अंदाज नसलेली पोरं उतरतात आणि जीव जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. वर डोंगरात पाऊस कोसळला की खालचा ओहोळ काही मिनिटांत फुगतो, हे डोंगरात वाढलेल्या कुणीही सांगितलं असतं. पण पर्यटक त्या कुणाला भेटलेलाच नसतो, थेट पाण्यातच पोचलेला असतो.

ज्या जागेसाठी तयारी लागते, तिचा पत्ता तयारी असलेल्यालाच मिळावा. मी तरी असंच वागतो.

अकोलेकर

काका, जिवाच्या धोक्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पावसाळ्यात पाण्याची वाट स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय धरूच नये.

पण नाव लपवायचं ते कुणासाठी? ती वाट आमच्या बायकांनी सरपण आणून आणून पाडलेली आहे. आमच्या गावाचं नाव कुणाला सांगायचं हे पुण्या-मुंबईतल्या दहा जणांनी आपसात ठरवलं, तर आमच्या पोरांना काम कुठून मिळणार? किती माणसं यावीत, कुठल्या दिवशी यावीत, कुठवर जावीत, हे ग्रामसभेला ठरवू द्या. आमच्या गावाचं नाव सांगायचं की नाही, ते आम्ही बघू.

घाटवाटा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जेवण गावात घ्या. वाटाड्या गावातला घ्या. आणि उजेड असताना या, म्हणजे अंधार पडल्यावर मोटार हलवावी लागणार नाही.

पठारफुलं

वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे कासबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर कासचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आता फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी असते, दिवसाला तीन हजारांची मर्यादा असते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर बघते. ही मर्यादा आवश्यकच आहे. कारण सांगते.

पठार जांभ्याचं आहे. कातळावर मातीचा थर बोट-दोन बोटं, कुठे तेवढाही नाही. त्या मातीत नायट्रोजन फारच कमी. म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात. सीतेची आसवं नावाचं जे जांभळं फूल आपण गालिचासारखं पसरलेलं बघतो, त्याच्या मुळाशी ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यातला अगदी छोटा जीव त्यांच्या तोंडाशी आला की पिशवी त्याला झटक्यात आत ओढते. फूल तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. दवबिंदू या दुसऱ्या किडे खाणाऱ्या रोपाची लाल पानं तर त्याहून खाली, गवताच्या बुडाशी. मधोमध आडवं पडून फोटो काढणाऱ्याच्या अंगाखाली हे सगळं असतं. वर्षायू, म्हणजे एका वर्षातच संपणारी रोपं आहेत ती. बी धरायच्या आत तुडवली गेली तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय?

मात्र जपणुकीच्या बाबतीत एक गोष्ट आपण सगळ्यांनीच शिकण्यासारखी आहे. पठाराला कुंपण घातलं होतं. त्याने माणसं थांबली, पण गुरंही थांबली. गुरं चरत नाहीत म्हटल्यावर गवत वाढतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही. शेण पडायचं तेही बंद होतं. अनेक अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी हे लावून धरलं आणि पुढे कुंपण काढण्यात आलं. ते फूल आपल्याला 'निसर्ग' म्हणून दिसतं, पण त्यात एकीव-कासाणीच्या गुराख्यांचाही हात आहे. अकोलेकर म्हणतात त्याच्याशी हे जुळतं. जागा आणि तिथली माणसं अशी वेगळी काढताच येत नाहीत.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. बरोबर एक भिंग ठेवा, दहापटीचं पुरतं. आणि सात-आठ वर्षांनी येणारी कारवी फुलली नाही म्हणून हिरमुसून परत जाऊ नका. गेंद, तेरडा, कवला, आमरी, वायतुरा एवढं सगळं समोर असतं.

तोक्योहून

जपानमध्ये नोकरीला आहे. इथला एक प्रसंग सांगतो, कारण आपल्याकडचे पाहुणे आले की दर वेळी हीच फर्माईश असते.

फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको गाव आहे. तिथे लॉसनच्या एका साध्या दुकानाच्या छपरावर फुजी टेकल्यासारखा दिसतो. तो फोटो जगभर पसरला. लोक भर रस्त्यात उभे राहायला लागले, कचरा पडायला लागला, शेजारच्या दाताच्या दवाखान्याच्या आवारात गाड्या लागायला लागल्या. शेवटी मे २०२४ मध्ये नगरपालिकेने रस्त्याकडेला अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली, फुजी दिसूच नये म्हणून. काही दिवसांतच लोकांनी तिला फोनचा कॅमेरा मावेल एवढी भोकं पाडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने ती उतरवली.

फुजी त्या भागात कुठूनही दिसतो. तळ्याकाठून दिसतो, शाळेच्या मैदानातून दिसतो. मी पाहुण्यांना तिथल्या लोकल गाडीतून नेतो. डब्यात बाजारहाट करून निघालेल्या आज्या असतात. डोंगर खिडकीत आला की अनोळखी पाहुण्यांना बोट करून दाखवतात, एकमेकांची भाषा येत नसतानाही. माझी मावशी आजही त्या आज्यांबद्दल बोलते. दुकानापाशीही आम्ही गेलो होतो, तो फोटो तिच्याकडे आहे. दोन्ही व्हावं. जो पहिल्यांदाच परदेशात आलाय त्याला फोटोची हौस असते आणि त्यात वावगं काहीच नाही.

मंडणगडकर

इतकं सगळं बिघडलेलंच वाचायला मिळतंय म्हणून आमच्या तालुक्यातलं वेळासचं सांगतो.

ऑलिव्ह रिडले कासवं वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, झाकते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. घरटी उचलून कुंपणाच्या आत पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्रावर सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे यायला लागले आणि त्यांची सोय गावातल्या घरांत झाली. हॉटेल उभं राहिलं नाही. आमसुलाचं सार, सोलकढी, मोदक, जे घरात होतं तेच ताटात. अंडी जपण्यात गावाचा फायदा आहे हे घराघरात पोचलं ते असं.

आता महत्त्वाचं. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ते घरट्यावरची टोपली उचलतात. कधी खाली चाळीस पिल्लं वळवळत असतात, कधी एक, आणि कधी काहीच नसतं. तारखा सांगता येत नाहीत. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस टोपलीखाली कोरडी वाळू बघून खट्टू होतो. मग संध्याकाळपर्यंत थांबतो. दुपारी गावात फिरतो, ज्यांच्याकडे उतरलाय त्या काकूंशी गप्पा मारतो, दोर बांधलेल्या रेषेमागे बसून अंडी कशी मोजतात ते कार्यकर्त्यांकडून ऐकतो. पिल्लू हातात द्या म्हणणारे असतातच. त्यांना नाही म्हणून सांगितलं जातं, आणि का नाही तेही सांगितलं जातं. पिल्लाने वाळू स्वतःच्या पायांनी ओलांडायची असते.

हे सगळं गाजलं ते इंटरनेटवरच. दर हंगामात लोक ऑनलाइन वाचूनच येतात. इंटरनेटवरून माणूस आला म्हणजे तो गर्दीच करणार, असं नसतं. गावाने आधी बस्तान बसवलं, नियम लावले, मग माणसं आली. हा क्रम उलटा झाला की देवकुंड होतं.

मुक्कामी एसटी

कारवींचा प्रतिसाद वाचून लिहितो. परवडणं आणि सुरक्षितता हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि त्यावरचं एक उत्तर आपल्या नाक्यावर रोज उभं असतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. ७५ वर्षांवरच्यांना त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, पूर्ण मोफत. शिवाय 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास गेली कित्येक वर्षं मिळतो. माझ्या शेजारच्या आजी पंढरपूर, गाणगापूर, तुळजापूर करून आल्या. आता कोकण बघायचंय म्हणतात.

अकोलेकरांच्या काजव्यांना मोटारीचा दिवा नको असतो. एका एसटीत चाळीसपेक्षा जास्त माणसं बसतात. चाळीस माणसं मोटारीने आली की दहा मोटारी होतात. बाकी अस्सल-नकली तुम्ही ठरवा, पण सादड्याच्या झाडाला फरक पडतो.

गावात रात्री मुक्कामाला येणाऱ्या गाड्या मात्र कमी होत चालल्यात, त्याचं वाईट वाटतं. त्या गाडीने आलेला माणूस रात्री गावातच राहायचा, दुसरा इलाजच नसायचा. चालक-वाहकांबरोबर देवळात जेवायचा, आणि सकाळी शाळेला निघालेल्या मुलांबरोबर परत निघायचा.

घाटवाटा

धाग्याने मला माझ्या प्रश्नापेक्षा बरंच पुढे नेलं. मी फिरणाऱ्याच्या बाजूने विचार करत होतो: त्याने काय पाहावं, किती थांबावं. अकोलेकर, पठारफुलं, मंडणगडकर या तिघांनी तो गावाच्या बाजूने मांडला. किती माणसं यावीत हे ठरवायचा हक्क ज्या जागी गावाकडे आहे, तिथे पर्यटकही बरा वागतो, असं मला आता स्पष्ट दिसतंय. कासला समिती आहे, वेळासला गावच उभं आहे. नाणेघाटात पावसाळी रविवारी तसं विचारणारं कुणी मला तरी दिसलं नाही. नाणेघाटाजवळच्या घाटघरच्या एक-दोन जणांशी ओळख आहे, त्यांच्याशी बोलतो. लेण्यातला लेख समजावून सांगणारं गावातलं कुणी हंगामात तिथे बसलं, त्याला त्याचं मानधन मिळालं, तर किती चांगलं होईल. लेखाचं साधं मराठी वाचन एका पानावर करून द्यायला कुणी इथून मदत करेल का? ब्राह्मी येणारे दोघं-तिघं या संस्थळावर नक्की आहेत.

जुना भिडू, तुमची काळजी पटते. यापुढे लिहिताना धोक्याची जागा आणि पाण्याचा महिना आधी लिहीन, फोटो नंतर.

जुना भिडू

मदत करतो. ब्राह्मी शिकलोय, नागनिकेच्या लेखाचं जुनं छापील वाचन माझ्याकडे आहे. अंकांचा तक्ता वेगळा करू, मुलांना भिंतीवर जुळवून बघता येईल असा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रानमेवा

या सगळ्यात माझा एक व्यावहारिक प्रश्न: सासू-सासरे आणि दोन मुलं घेऊन काजवे बघायला यायचं आहे. सासऱ्यांना फार चालवत नाही. कधी यावं, कसं यावं? काही चुकीचं करायचं नाहीये.

अकोलेकर

ताई, जूनचा पहिला आठवडा धरा, पण यायच्या आधी गावात फोन करून विचारा. पाऊस लवकर लागला तर काजवे लवकर आटोपतात. सोमवार ते गुरुवार या. राजूरपर्यंत एसटी आहे, पुढे जीप मिळते. स्वतःची गाडी आणली तर दिवस मावळायच्या आत घरापाशी लावा आणि सकाळपर्यंत हलवू नका. भडक कपडे, अत्तर नको. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, आणि तो जमिनीकडेच धरा. सासऱ्यांना चालायची गरज नाही. आमच्या अंगणासमोरच बेहडा आहे, खाट टाकून देतो. लाइट आम्ही सगळेच त्या वेळी बंद ठेवतो.

जेवण गॅसवरचं असेल. भात आमच्या खाचरातला, वरण, आणि रानभाजी मिळाली तर ती. मुलांना तिखट चालतं का तेवढं आधी कळवा.